त्याहून मोठी कामं: जुन्या गोव्याच्या वाटेवर

नोव्हेंबर सरत आला, भातं झोडून झाली की आमच्या सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती घरांत एकच बोलणं सुरू होतं: यंदा सायबाकडे चालत कोण कोण येणार? सायब म्हणजे गोंयचो सायब, संत फ्रान्सिस झेवियर. 24 नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि 3 डिसेंबरला फेस्त, सायबाचा सण. त्या दिवसांत सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पर्वरी असं करत माणसं जुन्या गोव्याला पोचतात. आम्ही याला वारीच म्हणतो आणि शेजाऱ्यांनाही तो शब्द खटकत नाही. बांद्याजवळच्या टपरीवाल्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. चहाचे पैसे काढले तर म्हणाला, "वारयेक जाणाऱ्यांकडसून आमी पैशे घेणव नाय," आणि वर बिस्किटांचा पुडा हातात ठेवला.

पुढे लाकडी क्रूस, मागे दोन-दोनच्या रांगेत माणसं आणि रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. महामार्ग चौपदरी झाल्यापासून सावली गेलीच आहे, त्यामुळे पहाटेच्या अंधारात निघायचं आणि ऊन चढायच्या आत जेवढं कापता येईल तेवढं कापायचं. रोझरीतली गौरवाची रहस्यं, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानापासूनचे पाच प्रसंग, चालली होती. दुसरं रहस्य, प्रभूचं स्वर्गारोहण, संपलं आणि माझ्या शेजारून चालणारा मुलगा नमो मारिया, ही मारियेची प्रार्थना, म्हणायचा थांबला. पंचविशीचा, म्हापशात नोकरीला. आईचं डायलिसिस चालू आहे हे मला ठाऊक होतं. खर्चावरून थोरल्या भावाशी फाटलं होतं, बोलणं बंद होतं, हेही गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांनी योहानाच्या शुभवर्तमानातलं 14 व्या अध्यायातलं 12 वं वचन समजावलं होतं. जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मी करतो ती कामं करील, आणि त्याहूनही मोठी करील, कारण मी पित्याकडे जातो, असं येशू तिथे सांगतो.

"काका," तो म्हणाला, "ह्यां वचन खरां असात तर माझ्या आवशीचां काय?"

असा प्रश्न मनापासून आला की तयार उत्तर तोंडावर फेकू नये, असं मला वाटतं. मी त्याच्याबरोबर नुसता चालत राहिलो.

हल्ली या वचनाचा फार सोपा अर्थ लावला जातो. मोठी कामं म्हणजे मोठे चमत्कार: जितका विश्वास मोठा तितकी खूण मोठी, आणि खूण दिसली नाही तर तुझाच विश्वास कमी पडला. आजारी माणसाच्या उशाशी बसून असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. देव आजही बरं करतो यावर माझा पुरता विश्वास आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत तर येशूचा शिष्य पेत्र याची सावली तरी अंगावर पडावी म्हणून लोकांनी आजाऱ्यांना रस्त्यावर आणून ठेवलं होतं. पण येशूने लाजरसला चार दिवसांनी थडग्यातून बाहेर बोलावलं. त्याहून मोठा चमत्कार पेत्रानेही केला नाही, नंतरचा प्रेषित पौल यानेही नाही. पौलाने तर स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? तेव्हा येशूने सांगितलेलं मोठेपण चमत्काराच्या आकारात शोधून सापडणार नाही.

दुपारी आम्ही एका कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, ओसरीवर टेकलो. आमच्यात एक मावशी होत्या. नवऱ्याच्या दुखण्यासाठी त्यांनी सायबाला चालत येईन असं बोलून ठेवलं होतं. नवरा गेला, तरी त्या येतात. पिशवीत मिठाची पुडी, खोबरेल, सुई आणि पांढरा दोरा. त्यांनी कढत पाण्यात मीठ टाकलं, त्या मुलाला पायरीवर बसवलं आणि त्याचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. टाचेला चांगला रुपयाएवढा फोड आला होता. सुई काडेपेटीच्या ज्योतीवर धरून त्यांनी ती फोडातून आरपार काढली, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली, म्हणजे पाणी हळूहळू झिरपून जातं आणि कातडं सुटत नाही. तो संकोचून पाय ओढत होता. "गप बस रे झिला," एवढंच त्या म्हणाल्या आणि दुसरा पाय धुवायला घेतला.

तिथे बसल्या बसल्या मला जाणवलं की ते वचन येशू कुठे बोलला हे आम्ही विसरूनच जातो. ते त्याच शेवटच्या भोजनाच्या रात्रीचं आहे. 13 व्या अध्यायात तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, पेत्र नाही नाही म्हणतो, ज्या यहूदाने त्याला विकलं त्याचेही पाय धुतले जातात. आणि त्याच बैठकीत पुढे तो म्हणतो की मी करतो ती कामं तुम्ही कराल. ऐकणाऱ्यांनी नुकतंच पाहिलेलं काम कोणतं होतं? ते पाय अजून ओले असतील. शिवाय ऐकणारे कोण, तर त्याच रात्री पळून जाणारे, आणि पेत्र तर कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणारा. असल्यांना त्याने एवढं मोठं वचन दिलं.

आणि मोठी का? कारण मी पित्याकडे जातो. गुरुकिल्ली तिथेच आहे, दुसऱ्या रहस्यात. तो गालीलात असताना यहूदियात नव्हता. देहाने तो एका वेळी एकाच गावात असायचा. तो वर गेला तेव्हा यरुशलेमेत जमलेले विश्वासी सुमारे 120. मग पवित्र आत्मा आला, आणि त्या एका दिवशी सुमारे 3000 जणांनी बाप्तिस्मा घेतला. काम त्याचंच, हात मात्र आता हजारोंचे. प्राचीन काळचे धर्मगुरू संत ऑगस्टीन याच वचनावर बोलताना म्हणतात की पापी माणूस नीतिमान होणं हे आकाश आणि पृथ्वी निर्माण होण्याहून मोठं काम आहे. मला हे पटतं. लाजरस उठला, पण पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असेल. क्षमा मिळालेल्या माणसाला जे जीवन मिळतं ते मरत नाही.

सायबाकडे पाहा. 6 मे 1542 ला ते गोव्यात उतरले. राहिले इस्पितळात, आजाऱ्यांजवळ. हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून पोरं गोळा करायचे आणि त्यांना प्रार्थना शिकवायचे. 1544 च्या पत्रात त्यांनी लिहिलंय की बाप्तिस्मा देऊन देऊन हात भरून येतात. 1552 मध्ये चीनच्या दारात, एका बेटावर ते वारले. चीनमध्ये पाऊल ठेवायचं राहूनच गेलं. तोच उजवा हात 1614 मध्ये रोमला नेला, आणि बाकीचा देह जुन्या गोव्यात चांदीच्या पेटीत आहे. इतकं मोठं काम केलेला माणूसही अर्ध्यावरच थांबला. पुढचं काम दुसऱ्यांनी केलं.

मांडवी ओलांडून रायबंदरच्या बांधावरून जाताना सगळे गप्प होते, पाय बोलत होते म्हणा. सायबाची पेटी जिथे आहे त्या बॉम जेझू चर्चच्या आवारात नोव्हेनेची गर्दी. एका बाजूला पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे आपली पापं सांगून क्षमा मागण्याच्या, रांगा होत्या. एक म्हातारे फादर साध्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एकेकाचं ऐकत होते. "ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल" असं पुनरुत्थित येशूने शिष्यांना सांगितलं, ते तिथे चाललेलं होतं, दुपारच्या उकाड्यात, घामेजल्या माणसांसाठी. चमत्कार शोधायला आलेल्यांना ती रांग ओलांडूनच पेटीकडे जावं लागत होतं.

तो मुलगा बराच वेळ लांब उभा होता. मग त्या रांगेत गेला. आत काय बोलला ते त्याचं आणि देवाचं. बाहेर येऊन त्याने फोन काढला आणि थोरल्या भावाला लावला. "सायबाकडे पोचलंय," म्हणाला, पलीकडचं ऐकलं, आणि म्हणाला, "घराकडे इलंय की बोलूया."

आईचं डायलिसिस अजून चालूच आहे. एका खेपेला थोरला नेतो, पुढच्या खेपेला हा म्हापशाहून रजा काढून येतो.