मॉरिशसचे मराठी काय खातात?

मॉरिशसला जायचं ठरल्यावर ज्याने त्याने समुद्रकिनाऱ्यांची नावं सुचवली. किनारे सुंदर आहेतच, त्याबद्दल वाद नाही. पण मला उत्सुकता होती ती तिथल्या मराठी स्वयंपाकघरांची. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं मुंबई बंदरातून जहाजाने उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांची पतवंडं आज रोज जेवतात तरी काय?

आधी राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहिला, ही माणसं जहाजातून जिथे उतरली तो धक्का. १८३५ मध्ये बेटावरची गुलामगिरी संपली. ती जाणार हे दिसत होतं, म्हणून मळेवाल्यांनी १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं आली. ज्या सोळा पायऱ्या चढून ती आत गेली, त्या अजून शाबूत आहेत. २००६ पासून घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पगार महिना पाच रुपये, वर शिधा: तांदूळ, डाळ, मीठ, तेल. माझं डोकं त्या शिध्यापाशीच अडकलं. भोजपुरी असो, तमिळ असो की कोकणी, पोत्यातून मिळायचं ते सगळ्यांना एकच. इथलं जेवण इतकं एकजीव कसं झालं, याचं उत्तर मला तरी त्या पोत्यात दिसतं.

घाटापासून चालत गेलं की सेंट्रल मार्केट. तिथे डाल पुरीच्या गाडीवर रांग लागलेली. शिजवून वाटलेली डाळ भरून लाटलेली ही पातळ, मऊसूत पोळी म्हणजे पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण. मूळ बिहारकडचं. विकणारा दोन पोळ्या एकावर एक टाकतो, त्यावर टपोऱ्या पांढऱ्या वालांचा रस्सा, रुगाय नावाचं टोमॅटोचं दाट कालवण, थोडं लोणचं, मग मान वर न करता विचारतो, "पिमां?" मिरचीला हो म्हणायचं. पुढच्या क्षणी गुंडाळी कागदात आणि तुम्ही रांगेच्या बाहेर. माझ्या पुढे क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचा कॉलेजकुमार, मागे चिनी चेहऱ्याचे आजोबा. घरची शिदोरी होती ती आता सगळ्या देशाची न्याहारी झालीय. हरभऱ्याच्या डाळीचे छोटे वडे, गातो पिमां, लोणी लावलेल्या पावात घालूनही खातात. वडापाववाल्यांनी जरूर चाखावेत. लोण्याचं मला पटलं नाही.

आपल्याकडचे काही पर्यटक "पण हे ओरिजिनल नाही" म्हणून नाक मुरडताना दिसले. बाहेरून आलेला साबुदाणा आणि बटाटा उपवासाला खाणाऱ्यांनी ओरिजिनलची भाषा न केलेली बरी.

ओळखीतून एका मराठी घरी गणपतीला बोलावणं आलं. घरच्या बाई शाळेत मराठी शिकवायच्या, आता निवृत्त. माझ्याशी मराठी, नातवंडांशी फ्रेंचमधून घडलेली इथली क्रिओल बोली, टीव्हीवर फ्रेंच. मी विचारलं, "बाई, रोज भाकरी-पिठलं वगैरे करता का?"

"छे हो," त्या हसल्या. "रोज भात, डाळ, भाजी, मासे. शेजारी करतात तेच. शेजारी मुसलमान असू दे, तमिळ असू दे, रस्सा तोच."

मग मराठीपण कुठे राहतं? ते या घरात तरी गणपतीच्या आधीच्या दिवसांत दिसलं. मासे-मटण बंद, ज्याला इथे 'कारेम' म्हणतात. भांडी वेगळी घासून ठेवलेली. बाईंच्या सुना मोदक तळत होत्या, मैद्याच्या पारीचे. सारणात खोबरं आणि साखर, गूळ नाही. मोठ्या सुनेने तेलात पारीचा एक तुकडा टाकला, तो लगेच वर आला तशी आच कमी केली. कळ्या मात्र कुणी बघूनच सांगावं, कोकणातल्या आहेत की नाही. नैवेद्यानंतर जेवण केळीच्या पानावर: भात, फणसाची भाजी, लाल भोपळा, वांगं, वाल, लोणचं. पानावर वाढायची ही पद्धत लग्नघरांतल्या 'सेत कारी'ची, म्हणजे सात भाज्यांच्या जेवणाची. तीही दक्षिण भारतीयांकडून आलेली मानतात. कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. पहिलं ताट शेजारच्या क्रिओल घरी गेलं.

गणेशोत्सवाची इथे सार्वजनिक सुटी असते. विसर्जनाला झाकरीवाले नाचत होते. कोकणातली जाखडी ज्यांनी पाहिलीय, त्यांना गोल धरायची तऱ्हा ओळखू येईल. मृदंगाच्या ठेक्यात अधूनमधून सेगाचा, म्हणजे इथल्या क्रिओल नाचगाण्याचा, लचका आल्यासारखा मला वाटला, पण बाईंनी ते साफ फेटाळलं.

परतताना नातवाने गाडी थांबवायला लावली. त्याला मीन फ्री हवं होतं, चिनी परतलेल्या नूडल्स. "अंडं घालायचं नाही," बाईंनी मागच्या सीटवरून बजावलं, "आणि माझ्यासाठीपण एक सांग. पिमां जास्त."