आमची वाटचाल: आधी घर पाहायचं, मग रेडिओ द्यायचा

आमचं दुकान साताऱ्याचं. आजोबा मुळात घड्याळं दुरुस्त करायचे. पुढे रेडिओची दुरुस्ती आली आणि विक्री त्याच्याही नंतर. त्यामुळे कुठलाही सेट आमच्याकडे आधी मागचं झाकण काढून पाहिला जाई, कॅबिनेटचं पॉलिश नंतर.

२३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, ते दीड किलोवॉटच्या ट्रान्समीटरवर. मुंबईकराला कानाला हेडफोन लावून साध्या, विजेशिवाय चालणाऱ्या क्रिस्टल सेटवरही ते ऐकता येई. आम्हा घाटावरच्यांचं तसं नव्हतं. ते केंद्र मीडियमवेव्हचं, आणि मीडियमवेव्ह दिवसा फार लांब पोचत नाही. रात्री आवाज लागलाच तर येत-जात राहतो. १९३८ मध्ये मुंबईहून लांबवर पोचणारं शॉर्टवेव्ह सुरू झालं आणि रेडिओ घेण्यात खरा अर्थ आला. म्हणून आजोबा आधी शॉर्टवेव्ह तपासत. स्टेशन लावायचं, सेट पुरता तापू द्यायचा आणि बटणाला हात लावायचा नाही. तापल्यावर स्टेशन सरकलं, तर दिसायला कितीही देखणा असो, तो सेट दुकानात ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट विजेची. कुठे एसी, कुठे डीसी, बहुतेक खेड्यांत वीजच नाही. ट्रान्सफॉर्मरचा सेट डीसीवर लावला की ट्रान्सफॉर्मर जळालाच म्हणून समजा. एसी-डीसी सेट दोन्हींवर चाले, स्वस्तही पडे. पण त्याची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असे. बटण निघून आतला स्क्रू बोटाला लागला तर जबर झटका बसू शकतो. लहान मुलांच्या घरात असा सेट द्यायला आजोबा राजी नसत. द्यावाच लागला, तर बटणाच्या स्क्रूवरची खाच मेणाने भरून देत. ते काम ते स्वतः करायचे, पोऱ्यावर सोपवायचे नाहीत. जिथे वीज नव्हती तिथे ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चालणारा सेट. तिथे आम्ही कमी व्हॉल्व्हचाच (व्हॉल्व्ह म्हणजे सेटमधल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या) सुचवायचो, कारण सेटच्या किमतीपेक्षा पुढे बॅटरीचा खर्चच माणसाला जड जातो.

गिऱ्हाइकाचं घर पाहिल्याशिवाय सेट द्यायचा नाही, हा आमचा शिरस्ता. पुष्कळदा खरखर सेटमध्ये नसतेच. एरियल विजेच्या तारांपासून दूर, त्यांना काटकोनात आणि उंच बांधली, अर्थिंगची तार ओल्या जमिनीत नीट पुरली, की तोच सेट वेगळा वाजतो. संध्याकाळच्या बातम्या त्या घरात स्वच्छ ऐकू आल्या की मगच पैसे घ्यायचे. रेडिओ ठेवायचं लायसन पोस्टातून काढायचं असे, सुरुवातीला वर्षाला १० रुपये; त्याचीही आठवण आम्हीच करून द्यायचो.

वडिलांनी दुकान हाती घेतलं तेव्हा लोकांच्या मागण्या बदलल्या होत्या. २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे केंद्र सुरू झालं आणि मराठी कार्यक्रम जवळून मिळू लागले. पण गाण्यांसाठी सगळ्यांना हवं होतं रेडिओ सिलोन, आणि तेही शॉर्टवेव्हवर. १९५७ ला विविध भारती आली तीही आधी शॉर्टवेव्हवरच. आजोबांची कसोटी अशी पुढेही चालली. वडिलांनी त्यात एक भर घातली: ज्याचे व्हॉल्व्ह सहज मिळतात तोच सेट विकायचा. फिलिप्स, मर्फी, बुश आम्ही याच कारणाने ठेवले. एका व्हॉल्व्हसाठी महिनोन् महिने मुका बसलेला रेडिओ आम्हाला पटत नसे.

ट्रान्झिस्टर आल्यावर विक्री वाढली, घरी जाऊन एरियल बांधणं थांबलं. आज आमच्याकडे पुन्हा जुने व्हॉल्व्ह सेट दुरुस्तीला येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. माळ्यावर असा सेट सापडला तर कृपा करून लगेच प्लगला लावू नका. आतले फिल्टर कंडेन्सर इतक्या वर्षांत सुकलेले असतात; शॉर्ट झाले तर एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातात, आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेणं सोपं नाही. धूळ झटका, आतल्या तारा उंदरांनी कुरतडल्यात का पाहा आणि सेट आहे तसा घेऊन या. कंडेन्सर तपासून, आधी सिरीज बल्बवर, म्हणजे मधे बल्ब जोडून वीज जपून सोडत, घेऊनच आम्ही तो चालू करतो.