कांदा, सॉसेज आणि सक्तीचं मतदान

२०१५ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ॲबट टास्मानियातल्या एका कांदा उत्पादकाकडे गेले, समोरचा कांदा उचलला आणि सालासकट कचकन चावला. ना मीठ, ना भाकरी. डोळ्यात पाणीसुद्धा नाही. त्या काही सेकंदांच्या क्लिपवर इथलं, म्हणजे मी राहते त्या ऑस्ट्रेलियातलं, इंटरनेट कित्येक महिने पोसलं गेलं. सप्टेंबरात त्यांच्याच पक्षाने त्यांना खाली खेचलं, तेव्हा लोकांनी आपापल्या दाराबाहेर कांदे ठेवले आणि हॅशटॅग लावून फोटो टाकले. निरोप समारंभच म्हणा ना.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. ती क्लिप बाबांना पाठवली, तर त्यांचा पहिला प्रश्न, "लाल का उन्हाळ?" आणि दुसरा, "काय भाव आहे तिकडं?" नाशिक जिल्ह्यातला माणूस कांद्यावर हसत नाही. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली, ऐन निवडणुकीत, मे २०२४ मध्ये ती उठवली, आणि तरीही दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्याच. कांदा आमच्याकडे उमेदवार पाडतो. इथे त्याचे मीम होतात. त्यातलं कुठलं बरं, हे मी बाबांना अजून विचारलेलं नाही.

इथल्या निवडणुकीचा खरा नायक मात्र सॉसेज. मतदान शनिवारी, बहुतेक ठिकाणी शाळेत. शाळेची पालक समिती फाटकाजवळ शेगडी लावते आणि पावाच्या एका स्लाइसमध्ये सॉसेज, वर परतलेला कांदा घालून विकते. पैसे शाळेला. याचं नाव डेमोक्रसी सॉसेज. कुठल्या केंद्रावर शेगडी आहे, कुठे नुसताच केक आहे, शाकाहारी कुठे मिळेल, हे दाखवणारा नकाशा लोकांनी स्वतःच इंटरनेटवर केलाय. २०१६ च्या निवडणुकीत ट्विटरने हॅशटॅगशेजारी पावातल्या सॉसेजचं चित्र दिलं. त्याच दिवशी विरोधी पक्षनेते बिल शॉर्टन यांनी आपलं सॉसेज टोकाकडून न खाता बाजूने, मधोमध चावलं, आणि देशाचं पुढचं सरकार कोणाचं यापेक्षा त्या घासाची चर्चा जास्त झाली. बरं, कांदा इथेही सुटत नाही. २०१८ मध्ये बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानसाखळीने त्यांच्या दारातल्या शेगड्यांना सांगितलं की कांदा सॉसेजच्या खाली घाला, वरून पडला की लोक घसरतात. पत्रकारांनी थेट पंतप्रधानांना त्यावर मत विचारलं. त्यांनी दिलंही.

आपल्याकडे मतदान केलं की शाई लावलेल्या बोटाचा फोटो. इथे शाईच नाही. मग मी मत दिलं हे जगाला कळणार कसं? माझ्या मते सॉसेजची लोकप्रियता अर्धी तिथेच आहे.

आत गेल्यावरचा प्रकार तर माझ्या काकांना खोटाच वाटतो. टेबलामागची बाई तीन गोष्टी विचारते: पूर्ण नाव काय, पत्ता काय, या निवडणुकीत आधी कुठे मत दिलंय का. ओळखपत्र मागत नाही. मी पहिल्या वेळी सवयीने पर्समधून लायसन्स काढायला लागले, तर ती म्हणाली, राहू द्या. मग पट्टीने यादीतलं नाव शोधून रेघ मारते, हातात दोन सभागृहांचे दोन कागद देते, आणि आपण पुठ्ठ्याच्या आडोशाला जाऊन पेन्सिलीने पसंतीक्रमाचे आकडे भरायचे. हो, पेन्सिलीने. "मग खोडलं तर?" काकांचा प्रश्न. आपलं पेन नेता येतं, असं सांगितल्यावर ते जरा शांत झाले.

आणि जायचं म्हणजे जायचंच. केंद्रीय निवडणुकीत मतदान १९२४ पासून सक्तीचं आहे. सबळ कारणाशिवाय चुकवलं तर वीस डॉलर दंड. सिडनीत वीस डॉलरमध्ये दोघांचं धड जेवण होत नाही, पण तेवढ्या धाकावर सुमारे ९० टक्के लोक येतात. आपल्या २०२४ च्या विधानसभेला जाहिराती, फेऱ्या, पायघड्या सगळं करून महाराष्ट्र ६६ टक्क्यांवर थांबला.

या सक्तीचा एक परिणाम मला इथे राहूनच उमगला. सगळे येणारच असतील, तर आपल्याच माणसांना पेटवून घराबाहेर काढायची पक्षांना गरज उरत नाही. मन वळवायचं ते काठावरच्या, निम्मं लक्ष क्रिकेटकडे असलेल्या माणसाचं. त्यामुळे प्रचार मिळमिळीत होतो. सभांना गर्दी नाही, भोंगे नाहीत, आमच्या गल्लीत तर कुंपणांवर चारदोन प्लॅस्टिकचे फलक एवढीच निवडणूक. केंद्राच्या दारापासून सहा मीटर दूर उभे राहून विरोधी पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांचं सनस्क्रीन वापरताना मी पाहिलेत. मला हा मिळमिळीतपणा मनापासून आवडतो. आणि तो आहे म्हणूनच इंटरनेटला कांद्यावर आणि सॉसेजवर वेळ घालवायला परवडतं, असं माझं मत.

म्हणजे इथे सगळे धुतल्या तांदळासारखे, असं मात्र मुळीच नाही. २०१६ मध्ये मतदानाच्या दिवशीच क्वीन्सलंडमध्ये लोकांच्या फोनवर एसएमएस आला, पाठवणाऱ्याच्या जागी चक्क 'मेडिकेअर', म्हणजे सरकारी आरोग्य योजना. मजकूर असा की ती वाचवायची वेळ संपत चाललीय. पाठवला होता लेबर पक्षाच्या तिथल्या शाखेने. पुढे त्यासाठी कायदा बदलावा लागला. २०१९ मध्ये फिरलं की लेबर आलं तर मृत्यूकर, म्हणजे वारशात मिळालेल्या मालमत्तेवर कर, लावणार. असं धोरणच नव्हतं, पण फेसबुकला त्याचं काय! राजकीय जाहिरातीत खोटं बोलू नये असा केंद्रीय कायदा नाही. साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात तो १९८५ पासून आहे. शिवाय स्पॅमविरोधी कायद्यातून पक्षांना सूट, त्यामुळे एसएमएस थांबवा म्हणायची सोय नाही. क्लाइव्ह पामर या खाणमालकाने २०१९ मध्ये आठ कोटींहून जास्त डॉलर ओतले आणि एकही जागा आली नाही. २०२२ मध्ये त्याहून जास्त खर्चून एक सिनेटर मिळाला. २०२५ मध्ये ते दुसरा पक्ष घेऊन आले, नाव 'ट्रम्पेट ऑफ पेट्रियट्स'. पुन्हा शून्य.

तुतारीचं नाव काढल्यावर दिंडोरी आठवणारच. २०२४ च्या लोकसभेला तिथे तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चिन्हावर भास्कर भगरे, आणि पिपाणीच्या चिन्हावर भगरे आडनावाचेच एक अपक्ष. त्या अपक्षाला लाखावर मतं पडली. काका म्हणाले, "तुमच्याकडं शिकलेले लोक, असं होत नसेल." झालंय की. २०१३ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सिनेटसाठी ११० उमेदवार होते, मतपत्रिका मीटरभर रुंद, आणि अक्षर इतकं बारीक की केंद्रावर भिंगं ठेवावी लागली. लिबरल डेमोक्रॅट्स नावाच्या छोट्या पक्षाला चिठ्ठीत पहिला रकाना मिळाला. मोठा लिबरल पक्ष दूर कुठेतरी उजवीकडे. छोट्यांना साडेनऊ टक्के मतं मिळाली आणि त्यांचा माणूस सिनेटमध्ये जाऊन बसला. भिंग देऊनसुद्धा!

आता तर नेतेच मीम व्हायला उत्सुक असतात. २०२५ च्या मार्चमध्ये पंतप्रधान अँथनी अल्बनीजी यांनी एका पॉडकास्टवाल्यांचं आव्हान घेऊन भर संसदेत विरोधकांना "डेलुलू विद नो सोलुलू" म्हटलं. ही आजकालच्या पोरांची भाषा, भ्रमात आहेत आणि त्यावर इलाजही नाही अशा अर्थाची. माझ्या लेकाने ते ऐकून उशीत तोंड खुपसलं. त्याच महिन्यात अर्थसंकल्प आधी वाचायला देतात त्या बंद दालनात पत्रकारांबरोबर इन्फ्लुएन्सरनाही बोलावलं होतं. मे महिन्यात अल्बनीजी १५० पैकी ९४ जागा घेऊन परत आले आणि विरोधी पक्षनेते पीटर डटन २००१ पासूनची स्वतःची जागाही घालवून बसले. डेलुलूमुळे, असं मानणारे इथे आहेत. मी नाही. आपल्या शहाजीबापूंइतकं व्हायरल कोण झालं होतं? "काय झाडी, काय डोंगार" वर गाणी निघाली, लग्नात लोक नाचले. २०२४ मध्ये सांगोल्याने त्यांना घरी बसवलं.

तर त्या मे महिन्यात मत देऊन बाहेर आले आणि आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो टाकला: शाळेचं फाटक, शेगडी, हातात पाव. खाली लिहिलं, "आमचं मतदान झालं." या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर निफाडच्या मतदार यादीशी माझा संबंध संपला, पण ग्रुपवरची माझी जागा शाबूत आहे. काकांनी विचारलं, फुकट असतं का? मी लिहिलं, नाही, तीनेक डॉलर.

चारपाच दिवसांनी सांगलीच्या मावशींकडून, ज्यांचा त्या ग्रुपशी काही संबंध नाही, मला तोच फोटो आला. माझा चेहरा कापलेला, हात आणि पाव तेवढा शिल्लक. खाली मजकूर: "ऑस्ट्रेलिया सरकार प्रत्येक मतदाराला मोफत पौष्टिक नाश्ता देते. आपल्याकडे हे कधी होणार? पटलं तर पुढे पाठवा." मावशींनी वर स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं: "खरं आहे का गं हे? तू तिकडंच असतेस म्हणून विचारलं."