दादाचे काजू आणि बसलेली माणसे

दादाने यंदा वरच्या मोरडातले, म्हणजे उंचावरच्या कोरडवाहू जमिनीतले, म्हातारे काजू काढून वेंगुर्ला-४ जातीची कलमे लावायची ठरवली. सात-सात मीटरवर चुन्याच्या खुणा मारून झाल्या, खड्डे खणणारा माणूस आला, आणि नवव्या खुणेपाशी पिकाव टेकवून उभा राहिला. पुढे खणायला तयारच होईना. करवंदीच्या जाळीत त्याला जांभ्या चिऱ्यांचा चौथरा दिसला होता. मग दुसरा, तिसरा. दादाचा मला फोन आला, "तुला जुन्याचे वेड ना? ये आणि काय ते बघून जा. माणसाची मजुरी चढतेय."

बँकेतून निवृत्त झाल्यापासून असल्या फोनची मी वाटच बघत असतो. पणजीहून डिचोलीला पोचलो, कोयता घेऊन दोन दिवस जाळी साफ केली. दहा-बारा पावलांच्या जागेत आठ चौथरे. सात जवळजवळ चौकोनी, दीड-दोन हातांचे. आठवा जरा मोठा आणि मधोमध खोलगट. चिऱ्यांवर हाताने घडवल्याचे टिकावाचे फटकारे स्पष्ट होते. हल्ली मशीनने कापलेला चिरा पावासारखा गुळगुळीत येतो, त्यातले हे नव्हते.

आता आमच्या घरातली कथा सांगायला हवी, कारण घोळ तिथूनच झाला. आमचे मूळ मांडवीतल्या दिवाडी बेटावरचे. पोर्तुगीज अमलात तिथली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा सप्तकोटेश्वराचे लिंग मांडवीपलीकडे नार्व्याला नेले, त्याच सुमारास आमचा मूळपुरुषही नदी ओलांडून आला आणि हे रान त्याने पहिल्यांदा तोडले, असे आजोबा सांगायचे. नार्व्याचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली नव्याने बांधवले, हे सांगताना आजोबांचा आवाज असा चढायचा की गवंड्यांना चिरे आम्हीच पुरवले असावेत. साहजिकच ते सात चौथरे बघून मी मनात म्हटले, सापडले आमचे पूर्वज! लहान आहेत म्हणजे मुलांचे असणार. आपल्यात लहान मूल गेले तर पुरतातच. त्या संध्याकाळी मी आठही चौथऱ्यांवर जास्वंद वाहिली. वहिनीने हसू दाबले.

मग कागद. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीचा सरकारी उतारा, मी पूर्वीही कितीदा काढला होता. बघायचो फक्त नावे आणि मोरडाच्या रकान्यातले क्षेत्र. त्यावर शेताच्या नावाचाही रकाना असतो. तिथे रोमी अक्षरांत, पोर्तुगीज वळणाने काहीतरी लिहिले होते, ते मी आजवर 'जागेचे मोरड' असे वाचत आलो. या वेळी अक्षर अक्षर लावले. 'जोग्याचे'!

पणजीच्या पुराभिलेखागारातही चार खेपा घातल्या. १५९५ साली सुरू झालेले हे दफ्तर, पहिला रखवालदार दियोगो द कोउतो. आमच्याकडच्या पिसुर्ल्याच्या इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे आयुष्य घातले. डिचोली पोर्तुगिजांकडे गेली १७८१ साली, त्याआधी इथे सावंतवाडीकरांचा अंमल. म्हणजे जुने कागद मोडीत, नंतरचे पोर्तुगीजमध्ये, आणि मला मोडी येते ती 'श्री' पर्यंत. मोडी वाचणाऱ्या एका मित्राला जेवणाच्या बोलीवर बसवले. जमीन किती, वसूल किती, चतुःसीमा कोणत्या, हे सगळे आले. मेलेल्या माणसाचा वसूल येत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल ओळ नाही. पण आमच्या पणजोबांच्या वाटणीच्या कागदात या तुकड्याची उत्तरेची हद्द 'जोग्याची घळण' अशी निघाली.

उलगडा मात्र कागदाने केला नाही. आमच्याकडे पूर्वी काजू वेचायला यायच्या त्या आजी आता खाटेवरून फारशा उठत नाहीत. मी मोबाइलवर फोटो दाखवले, मुलांचे असतील का विचारले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा दुसरीत गेलो. म्हणाल्या, "ते बशिल्ले आसात, न्हिदिल्ले न्हय."

बसलेले आहेत, निजलेले नाहीत. नाथपंथी जोग्याला जाळत नाहीत, बसवून पुरतात. म्हणून वरचा चौथरा चौकोनी आणि आखूड. लहान मूल नव्हे, मांडी घातलेला मोठा माणूस. आजींची सासू हंगामाचे पहिले बोंड त्यांतल्या एकावर ठेवायची, मगच वेचणी सुरू. जोग्यांनी रान तोडले, पाणी शोधले, पुढे घर उठले आणि जमीन "तुमगेर पावली". तुमच्याकडे आली. कशी आली, ते मी विचारले. त्यांनी पाणी मागितले.

आणि आठवा चौथरा? आजी तोंडाला पदर लावून हसल्या. ते बोंडे तुडवायचे जुने टाके. मी त्यावरही जास्वंद वाहिली होती.

म्हणजे आजोबांचा मूळपुरुष नदी ओलांडून आला असेलही, पण पहिला नव्हता. दादाला सांगितले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "बाहेर बोलू नको, उताऱ्यावर आपले नाव आहे." मग थोड्या वेळाने स्वतःच चुना घेऊन वर गेला आणि समाध्यांच्या भोवती दोन-दोन मीटर सोडून खुणा सरकवल्या. टाक्याशेजारचा खड्डा मात्र ठेवला.

हिशेबात चार कलमे कमी बसतात. त्यांचे पैसे मी द्यायचे असे ठरले आहे. अजून दिलेले नाहीत, वहिनी फोनवर आठवण करते.