२६ मिलिसेकंद

हॉट क्यू (गाण्यातल्या ठरवलेल्या जागी थेट नेणारं बटण) दाबला आणि किकचा, म्हणजे ड्रमचा, पहिला ठोका अर्धवटच ऐकू आला. कालपर्यंत जुन्या डीजे सॉफ्टवेअरमध्ये हाच क्यू केसभरही हलत नव्हता. गाण्यांची लायब्ररी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणली आणि क्यू, बीटग्रिड (ठोक्यांवर आखलेल्या रेषा) सगळंच किंचित सरकलं. तेही सगळ्या गाण्यांत नाही, काहींतच. खरा छळ तोच.

अंतर मोजलं तर २६ मिलिसेकंद. हा आकडा योगायोगाचा नाही. एमपी३ची एक फ्रेम, म्हणजे फाइलचा एक तुकडा, ११५२ सॅम्पलची (आवाजाच्या नोंदींची) असते. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल धरून भागा, २६.१ मिलिसेकंदच येतात. बरेच एन्कोडर (एमपी३ बनवणारी सॉफ्टवेअर) पहिल्या फ्रेममध्ये संगीताऐवजी फाइलची माहिती लिहितात. एक सॉफ्टवेअर ती फ्रेम वगळतं, दुसरं तिला शांतता समजून मोजतं. वेव्ह फाइलमध्ये ही फ्रेमच नसते, म्हणून ती गाणी जागच्या जागी राहतात.

त्यामुळे हजारो गाणी एकदम हलवू नयेत. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली दहा-बारा आधी न्यावीत, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पूर्ण झूम करून पहिला ठोका बघावा. मूळ डेटाबेसचा बॅकअप तर हवाच.

आणखी एक. सेराटो आणि रेकॉर्डबॉक्स ही दोन डीजे सॉफ्टवेअर घ्या. सेराटो क्यू फाइलच्या टॅगमध्ये (फाइलच्या आतल्या माहितीत) लिहितं, रेकॉर्डबॉक्स स्वतःच्या डेटाबेसमध्ये. नुसती फाइल दुसऱ्या मशीनवर नेली तर एकीकडे क्यू सोबत येतात, दुसरीकडे मागेच राहतात. जॉनर, की (गाण्याची पट्टी), कॉमेंट मात्र फाइलच्या टॅगमध्येच भरावेत. ते बहुतेक ठिकाणी वाचले जातात.

सरकलेले क्यू तुम्ही एकेक हाताने बसवता की सगळे एकदम मागे ढकलता?