वासोट्याला बोटीनंच जावं लागतं ते बरंय

वासोटा किल्ला करायचाय असं कुणी म्हणालं की मी आधी बोटीचं सांगतो. साताऱ्याहून कासवरून खाली बामणोलीला उतरायचं, तिथून शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडून पलीकडे कोयना अभयारण्यात, साताऱ्याच्या बाजूनं दुसरी वाटच नाही. आणि बोट सीटवर मिळत नाही, अख्खी करावी लागते, त्यामुळे दोघं-तिघंच असाल तर धक्क्यावर अजून एखादा ग्रुप गाठा आणि भाडं वाटून घ्या.

तास-दीड तास पाण्यातून. इंजिनच्या आवाजात बोलता येत नाही म्हणून सगळे नुसतं बघत बसतात, दोन्हीकडे गर्द डोंगर आणि खाली काठाला लाल मातीचा उघडा पट्टा, पावसाळ्यात पाणी तिथवर चढलेलं असतं. आमच्या बोटवाल्या काकांनी मध्येच पाण्याकडे हात केला, "हितं आमच्या आज्याची शेतं हुती." एवढंच बोलले आणि परत सुकाणूकडे वळले. कोयना धरण १९६४ ला पूर्ण झालं, खोऱ्यातली गावंच्या गावं उठली, लोकं पार सोलापूर-रायगडकडे जाऊन वसली. आपल्या घरातल्या लाईटचा हिशोब या पाण्यात आहे, हे तिथं बसल्यावर फार आत लागतं हो.

पलीकडे उतरलं की मेट इंदवली. तेही गाव उठलेलंच, आता तिथं वनखात्याची चौकी. सॅक उघडून प्लास्टिक मोजतात, बाटल्या, चिप्सची पाकिटं सगळं, डिपॉझिट घेतात आणि येताना तेवढंच परत दाखवलं की पैसे परत. मला हे मनापासून आवडलं. पुढे ओढ्याजवळ मारुती, मग ऊनसुद्धा खाली पोचत नाही असं जंगल, वाटेत गव्याचे खूर अगदी ताजे उमटलेले. वर बाबुकड्यावरून खाली बघितलं की पोटात गोळाच येतो. याच गडावर पंतप्रतिनिधींच्या बाजूनं लढणाऱ्या ताई तेलिणीनं पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांना कित्येक महिने झुंजवलं.

इथं रस्ता व्हायला पाहिजे असं आमच्यातलाच एकजण उतरताना म्हणाला, मी तिथंच भांडलो. गाडी दारात आली की स्पीकर येणार, बाटल्या येणार, २०१० पासून हा व्याघ्रप्रकल्प आहे, जनावरानं जायचं कुठं?

मुक्कामाला परवानगी नाही, अंधाराच्या आत बोटीत परत बसावं लागतं. तेव्हा सकाळची पहिली बोट धरा, आणि पावसाळ्यात जाऊ नका, बंद असतं.