मनगट विसरायचं

"दादा, मनगट विसरायचं. सगळं काम खांद्याचं."

रायगडावर शिवराज्याभिषेकाच्या गर्दीत, होळीच्या माळावर, कोल्हापूरकडच्या एका शाळकरी पोरीनं आम्हाला दांडपट्टा समजावून सांगितला. हात पट्ट्याच्या मुठीवरच्या लोखंडी खोळीत कोपरापर्यंत गेला की मनगट वळतच नाही. लांब, लवचिक पातं फिरतं ते खांद्यातून आणि पायांच्या पवित्र्यातून. तिच्या तळव्याला घट्टे पडले होते.

आम्ही मित्र नागपूरहून फेटे, अंगरखे घेऊन गेलो होतो. फोटो झकास आले. पण परतीच्या गाडीत वर्धा येईपर्यंत मनात त्या पोरीचे घट्टेच होते.

पट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. आपल्या नागपूरच्या रघूजीराजे भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सरकारनं परत आणली. त्या दिवशी ऊर भरून आला होता, खरंच. पण तलवार काचेआड राहणार. ती चालवणारा हात कुठून आणायचा? तो तर रोजच्या सरावातच तयार होतो ना!

नागपुरात महाल, सक्करदऱ्याकडे लाठी-पट्टा शिकवणारे कोणी वस्ताद आहेत का? चाळिशीतले शिष्य चालतील का त्यांना?